दोन फुटांच्या टाकीतला धुरा

आमच्या वरणाच्या गंजात एकदा पिवळा मासा पोहत होता. आम्ही पक्के शाकाहारी आहोत.

याला कारण बाबांचा गुडघा. त्याचं ऑपरेशन झालं म्हणून बाबांना सौंसरजवळच्या मोहगावच्या संत्र्याच्या बगिच्यातून आम्ही पांढुर्ण्याला आमच्या घरी आणलं. आई गेल्यापासून ते तिथे एकटे राहायचे आणि ते माझ्या जिवाला फार लागायचं. आता त्यांनी कायमचं इथेच राहावं, असं मला आणि माझी बायको सुनंदा हिला मनापासून वाटत होतं. बाबांना तसं अजिबात वाटत नव्हतं. गुडघा बरा झाला तरी ते दिवसभर खुर्चीत बसायचे आणि येईल त्याला विचारायचे, "सौंसरची बस किती वाजता हाय?"

"त्यांचं मन रमंन असं काही आना," सुनंदा म्हणाली.

मी मासोळ्यांची काचेची टाकी आणली. दोन फुटांची. (दिवाणखान्यात तेवढीच मावत होती.) आणि मासे निवडायला बाबांना घेऊन नागपूरला गेलो.

दुकानात माझी नजर सिक्लिड नावाच्या माशांवर गेली. काय एकेकाचा रंग! दुकानदार म्हणाला, "सर, हे मासे दिसाले चांगले, पन आपली जागा धरून राहते. दुसऱ्याले तिथं पाय ठेवू देत नाही." (पाय नसतात, पण अर्थ कळला.) मग त्याने विचारलं, "टाकी किती मोठी हाय?"

आता, आमच्या भागात एक रीत आहे. वावर किती, असं कोणी विचारलं तर खरा आकडा सांगायचा नसतो, आणि शेजारी बाप उभा असेल तर मुळीच नाही. मी म्हणालो, "चार फुटाची." बाबांनी समाधानाने मान हलवली.

दुकानदाराने चार फुटांच्या हिशेबाने मासे काढले. दोन पिवळे, एक निळा, एक पट्ट्यापट्ट्यांचा आणि वर ऑस्कर जातीचं एक गोंडस पिल्लू. "हे फुटभर होते बरं, सर," तो म्हणाला. "होऊ द्या," मी म्हणालो. चार फुटांच्या मालकाला काय कमी!

घरी टाकीत सोडल्याबरोबर निळ्याने डावा कोपरा धरला, पट्टेवाल्याने उजवा. पिवळे दोघं मधल्या मधे मार खायला लागले आणि ऑस्कर ज्याचं त्याचं शेपूट चाखून पाहायला लागला. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. दोन्ही गावांनी एकमेकांवर गोटे फेकायची आमची गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे वर्षातून एकदाच असते. टाकीतली रोज व्हायला लागली. सुनंदा सावरगावची. ती लगेच उजव्या काठाला जाऊन मिळाली.

पण बाबा खुर्चीतून उठले. टाकीला नाक लावून त्यांनी सगळी पाहणी केली आणि म्हणाले, "अरे, धुरा नाही टाकला त भांडतीनच न."

धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधला बांध. बाबांनी उभ्या मोहगावातल्या भावाभावांचे धुऱ्याचे तंटे मिटवलेत. इतक्या दिवसांनी त्यांना काहीतरी करावंसं वाटत होतं, मग मी कशाला अडवतो? धावत जाऊन जाम नदीतले गोटे आणले. बाबांनी बाही वर करून टाकीच्या मधोमध छान धुरा रचला. "हे तुहं, हे त्याचं," ते माशांना म्हणाले. "आता कोनं इकडून तिकडं जायचं नाही."

सिक्लिडला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर गोटे आणि त्यांच्यातल्या सांदी. तोवर मासे कोपऱ्यांसाठी भांडत होते, आता सगळे धुऱ्यासाठी भांडायला लागले.

"बाबा, हे त धुराच मांगून राह्यले."

"मानसं बी धुराच मांगते," बाबा शांतपणे म्हणाले.

निळ्याने तर धुऱ्याखालची वाळूच उकरायला घेतली. आम्ही जेवायला बसलो आणि बाहेर धडाम आवाज झाला. गोटे घसरले होते, काचेला तडा गेला होता आणि टाकीतलं पाणी माझ्या चपलांपर्यंत पोचलं होतं. मासे वाचवले, पण एका भांड्यात दोन ठेवायची सोय नव्हती. पिवळा वरणाच्या गंजात, दुसरा पिवळा डब्यात, निळा कुकरमध्ये, पट्टेवाला दुधाच्या पातेल्यात आणि ऑस्कर पुरणाच्या कढईत.

"रातचा सैपाक कशात करू?" सुनंदाने विचारलं.

"बाहेरून आनतो."

"आनान कशात? डब्यात मासा हाय."

बाबा ओल्या धोतरात उभे होते. "मी चाललो मोहगावले," ते म्हणाले. "माह्या धुऱ्यानं तुमचं घर भिजलं." मला अगदी रडू यायचं बाकी होतं. मासे आणले होते बाबांना थांबवायला, आणि त्या माशांनीच त्यांना बाहेर काढलं.

"जा, पन मासे परत कराले त चला," मी म्हणालो. "मले एकट्याले नाही उचलनार."

नागपूरच्या दुकानदाराने परत तोच प्रश्न विचारला. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "दोन फुटाची व्हती. आता थे बी नाही."

"मंग एकच जोडी न्या," दुकानदार म्हणाला. "क्रिबेन्सिस. हे बी सिक्लिडच, पन बोटाएवढे राहते. पाहा, मादीचं पोट कसं जांभळं हाय."

बाबांनी स्थळ पाहायला आल्यासारखी चौकशी केली. स्वभाव कसा? खाणंपिणं काय? भांडतात का? लपायला एखादं घर लागतं, एवढी एकच अट निघाली. बाबांनी ती जागच्या जागी मान्य केली.

घरी नवी टाकी आली, आणि घर म्हणून बाबांनी नारळाची करवंटी घासूनपुसून आत पालथी ठेवली. एका बाजूला दार कोरलं. "जोडी लागली का मी निघतो," म्हणाले, आणि पिशवी भरून ठेवली.

निघायच्या सकाळी ते टाकीचा निरोप घ्यायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मादी करवंटीच्या दारात उभी होती आणि नवऱ्यालासुद्धा आत येऊ देत नव्हती. आत छताला अंडी चिकटलेली होती.

बाबांनी खुर्ची टाकीजवळ ओढली. "आता कसा जाऊ? बाळंतीन हाय घरात."

मोहरीएवढी पिल्लं निघाली. आईबाप त्यांना कळपाने फिरवायला लागले. बाबा त्यांना दाणे घालायचे आणि मी दार जोरात लावलं की मला रागवायचे. पिल्लं मोठी होऊन लोकांकडे गेली, पिशवी पुन्हा भरली, आणि मादीने पुन्हा अंडी दिली. आता पिशवी रिकामी होऊन कपाटावर गेली आहे आणि सौंसरच्या बसची चौकशी कोणी करत नाही.

परवा शेजारच्यांनी विचारलं, "काय भाऊ, बाबा आता इथंच राह्यले म्हन्ते?"

"हो," मी छाती काढून म्हणालो. "मी थांबवलं त्यांले."

आतून सुनंदाचा आवाज आला, "हो न. अंडे तुमीच देल्ले."