तिसऱ्या गिअरचा आवाज

तिला सगळे क्लचबाई म्हणत. गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट ऐकवायची, क्लच हळू सोडा, तो काही पळून जात नाही. कुणा चावट विद्यार्थ्याने नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचा राग नव्हता. रस्त्यात मागून कुणी "क्लचबाई" अशी हाक मारली की हा आपल्याच हाताखाली शिकलेला, हे ती ओळखायची, आणि त्याच्याशी बोलता बोलता त्याने गाडी कशी लावली आहे ते मान वाकडी करून बघून घ्यायची.

तिला स्वतःला गाडी शिकवली ती नवऱ्याने. तो मास्तर. ड्रायव्हिंग स्कूल त्याचं होतं, एका खोलीचं. सुरुवातीला ती इतकी घाबरायची की क्लच फटकन सोडून द्यायची आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. मास्तर ओरडत नसे. "अगं, मांजर आहे का ते, दिसलं की हाकलायला?" एवढंच म्हणायचा आणि पुन्हा चावी फिरवायला सांगायचा. पुढे ती शिकली, मग शिकवू लागली, आणि बायका बहुतेक तिच्याकडे, पुरुष बहुतेक मास्तरकडे अशी वाटणी होऊन संसार दोन्ही बाजूंनी चालला.

छोटी पांढरी गाडी नंतर आली, तीही जुनीच घेतलेली. मास्तरने शेजारच्या सीटपुढे क्लच-ब्रेकची जादा जोडी बसवून घेतली. काही वर्षांनी तिसऱ्या गिअरचं एक दातेरी चक्र खराब झालं. अशी चक्रं जोडीने बदलायची असतात, पण बाजारात तेव्हा एकच मिळालं. मास्तरला घाई होती. नवं चक्र जुन्याच्या गळ्यात बांधलं गेलं आणि त्या दोघांचं कधी पटलं नाही. तेव्हापासून गाडी तिसऱ्यात आली की बारीक सूर धरायची, आणि वेग वाढेल तसा तो सूर वर वर चढत जायचा. विद्यार्थी दचकायचे. मास्तर म्हणायचा, "घाबरू नका, गातेय ती. सूर टिपेला पोचला की चौथा टाका." कित्येकांनी गिअर बदलायला त्या सुरावरच शिकून घेतलं. मिस्त्रीने दुरुस्तीचा विषय काढला की मास्तर हात झटकायचा. गाते तर गाऊ दे, तुझ्या पोटात का दुखतंय?

मग मास्तर विसरायला लागला. आधी रस्ते, मग विद्यार्थ्यांची नावं, मग चष्मा कशासाठी असतो ते. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, गोळ्या दिल्या आणि शेवटी हात टेकले. घरात तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा. आपल्या बायकोला "तुम्ही" म्हणायचा, पाणी दिलं तर आभार मानायचा. एकदा त्याने तिला हळूच विचारलं होतं, तुम्ही इथे रोज येता, तुमच्या घरचे काही बोलत नाहीत का?

एका संध्याकाळी औषधं आणायची होती आणि घरी त्याच्याजवळ थांबायला कुणी नव्हतं, म्हणून तिने त्याला शेजारच्या सीटवर बसवून बरोबर नेलं. नाक्यापुढच्या सरळ रस्त्यावर गाडी तिसऱ्यात गेली आणि गायला लागली. मास्तरने मान वर केली. त्याचे पाय आपसूक समोरच्या पेडलांवर गेले.

"अगं, चौथा टाक की," तो म्हणाला. "किती ताणशील?"

तिने चौथा टाकला. चौकातल्या सिग्नलपर्यंत तो तिच्याशी बोलत होता, मुलीचं पत्र आलं का विचारत होता, समोरच्या रिक्षावाल्याला नावं ठेवत होता. घरी येऊन इंजिन बंद केलं आणि तो पुन्हा पाहुणा झाला.

त्या दिवसापासून संध्याकाळी फेरी ठरलेली. ती मुद्दाम तिसऱ्यात रेंगाळायची आणि त्याच्या शिव्या खायची. दिवसभरात तिला नवरा भेटायचा तो तेवढाच.

म्हणूनच गाडीतून दुसरा आवाज यायला लागला तेव्हा तिला तो ऐकायचाच नव्हता. हा सूर नव्हता, गुरगुर होती. गाडी उभी, गिअर कुठलाच नाही, क्लचवरून पाय काढला की गुरगुर सुरू. क्लच दाबला की गप्प. आधी तिने स्वतःची समजूत घातली की रस्ता खडबडीत आहे. पण उभ्या गाडीला रस्ता कसला लागणार? चार दिवस कानाआड करून शेवटी ती मिस्त्रीकडे गेली.

मिस्त्री मास्तरच्या तरुणपणापासूनचा. तो स्वतः गाडी चालवून आला. उतारावर गिअर काढून गाडी नुसती वाहू दिली, म्हणजे चाकांच्या बेअरिंगचा आवाज असता तर वेगाबरोबर बदलला असता. तो बदलला नाही. मग गाडी वर घेऊन त्याने गिअरबॉक्सचं तेल बशीत काढलं आणि बशी उन्हात धरली. तेलात चंदेरी चुरा चमकत होता.

"बाई, आतलं बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "आज चालेल, उद्याही चालेल. पण एक दिवस भर रस्त्यात जाम होईल आणि पुढची चाकं जागच्या जागी धरतील. शेजारी मास्तर बसलेले असणार."

नुसतं बेअरिंग बदलून भागणार नव्हतं. ते ज्या घरात बसतं ते घरच झिजून गेलं होतं. कंपनीने मॉडेल केव्हाच बंद केलेलं, तेव्हा नवा गिअरबॉक्स विसरायचा, जुन्या बाजारात सापडला तर बघायचं. मुलीने फोनवर वेगळाच सल्ला दिला. गाडी विकून टाक आणि बिनक्लचची घे, तुझेही गुडघे सुटतील. ती म्हणाली, "आणि ह्यांनी पाय कुठे ठेवायचे?" मुलीने दुसराच विषय काढला.

मग भंगाराच्या वखारी पालथ्या घालणं सुरू झालं. मिस्त्रीने क्लचप्लेट काढून तिच्या पिशवीत दिली होती. दिसायला सगळे गिअरबॉक्स सारखे, पण प्लेट त्याच्या दांड्यावर सरकली नाही तर सगळं फुकट. पहिल्या वखारीतला गडी छातीठोक सांगत होता, त्याच गाडीचा आहे, डोळे मिटून न्या. तिने डोळे न मिटता प्लेट घालून बघितली, चपलेच्या दुकानात पाय घालून बघतात तशी. गेली नाही. दुसरीकडे प्लेट गेली, पण वेग दाखवणाऱ्या काट्याची केबल बसते ती जागाच नव्हती. त्यात वायरची सोय होती, नंतरच्या गाड्यांची. तिथला म्हातारा म्हणाला, काटा नाही हलला तर काय बिघडतं? बरोबर आलेला मिस्त्री म्हणाला, बाई शिकवतात हो, काटा बंद ठेवून वेग काय तुमच्या नाडीवर मोजायचा?

गाडी मिस्त्रीकडे पडून, फेरी बंद, आणि इकडे घरी मास्तरचे हाल होते. संध्याकाळ झाली की तो फाटकाशी जाऊन उभा राहायचा. कशाची वाट बघतो ते त्याला सांगता यायचं नाही. आत चला म्हटलं की कावराबावरा व्हायचा.

शेवटी एका लांबच्या वखारीत मागून ठोकलेली तशीच गाडी मिळाली. मागचा भाग कागदासारखा चुरगळलेला, पुढचं सगळं शाबूत. मिस्त्रीने गिअरबॉक्स खाली उतरवून घेतला. केबलची जागा होती. तेल बोटावर घेऊन हुंगलं, जळका वास नव्हता. हाताने एकेक गिअर टाकून दांडा फिरवला, तो अगदी मोकळा, कुठे अडत नव्हता. तिने प्लेट लावली. ती सर्रकन आत गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"आता ते तिसऱ्याचं रडगाणंही गेलं बघा," मिस्त्री खुशीत म्हणाला.

आणि तीही हसली. त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही.

गाडी बसून आली त्या संध्याकाळी तिने ती पुसून फाटकाशी उभी केली. मास्तर आनंदाने येऊन बसला, पेडलांवर पाय ठेवले. पहिला, दुसरा. नाक्यापुढे तिने तिसरा टाकला. गाडी रेशमासारखी पुढे गेली. काहीच ऐकू आलं नाही. मास्तर मान तिरकी करून वाट बघत राहिला. रस्ता संपत आला. तिने वेग वाढवला, जास्तच वाढवला. मग त्याने पेडलांवरचे पाय काढून जवळ घेतले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि तिच्याकडे वळून अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही मला कुठे नेताय?"

दुसऱ्या दिवशी तो शेजारी बसलाच नाही. मागचं दार उघडून मागे बसला, भाड्याच्या गाडीत बसतात तसा.

ती तडक मिस्त्रीकडे गेली आणि जुना गिअरबॉक्स परत बसवून दे म्हणाली. मिस्त्रीला वाटलं काम चुकलं. तिने कारण सांगितलं तेव्हा तो जागीच खाली बसला. मग उठून कोपऱ्यातलं पोतं ओढून आणलं. गिअरबॉक्स त्याने उघडलेला होता. बेअरिंगच्या गोळ्या फुटून कवचात विखुरल्या होत्या. तिसऱ्याची ती दोन चक्रं त्याने तिच्या हातात दिली, एक झिजून पातळ झालेलं, एक अजून जरा दांडगं. ही दोन नव्या गिअरबॉक्समध्ये घाल, ती म्हणाली.

"घालतो म्हणलो तरी तुम्ही घालू देणार नाही," तो म्हणाला. "दात मुळापासून चिरलेत. बोट फिरवून बघा."

तिने बोट फिरवलं. चीर नखाला लागली. चक्रं तिने परत पोत्यात ठेवली.

फेरी तिने बंद केली नाही. नाही नेलं तर तो फाटकाशी उभा राहायचा. एका संध्याकाळी परतताना तो मागून म्हणाला की आता मला घरी सोडा, बायको एकटी आहे.

"काय करतात त्या?" तिने आरशात बघत विचारलं.

"गाडी शिकवते. मीच शिकवलं तिला." तो हसला. "क्लच लवकर सोडायची. आता सुधारली असेल."

घरापाशी तिने गाडी थांबवली. तो उतरला, तुम्ही छान चालवता म्हणाला आणि दारातून आत जात त्याने हाक मारली, "अगं, आलो गं."

ती चाकामागे बसून राहिली. हाक पुन्हा आली. तेव्हा ती उतरली, घराला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली आणि आतूनच म्हणाली, "आले हं."

"असू दे, कर तू काम," बाहेरून तो म्हणाला. आवाज तोच होता, पूर्वीचा. "दमलीस का?"

ती धावत बाहेर गेली. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि अवघडून उठून तिला बसायला खुर्ची दिली.

त्यानंतर मात्र तिने ती चूक केली नाही. संध्याकाळी त्याला सोडायचं, मागच्या दाराने यायचं आणि भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. त्याने विचारलेल्याला उत्तर द्यायचं, रिक्षावाल्यांना नावं ठेवली तर हसायचं. पलीकडचं बोलणं थांबेपर्यंत बाहेर जायचं नाही.