संडासाच्या बोळातला रीडर

"अक्का, परत एकदा या. कार्ड पदरावर घ्या, आत दडवू नका."

मी परत गेले, परत आले. भिंतीवरचा डबा टुंई वाजला.

कबनूरजवळचा कपडे शिवायचा कारखाना. मालकाने आरएफआयडी रीडर आणले होते. गळ्यातलं कार्ड जवळून गेलं तरी ते वाजत. कुठे बसवायचे ते ठरत होतं. त्यासाठी पुण्याहून आलेला इंजिनिअर मला चालवून बघत होता. तो म्हणत होता, गोदामाच्या दाराला लावा, माल तिथून हलतो.

सुपरवायझर म्हणाला, "गोदाम ऱ्हाऊ दे. हितं लावा, बायकांच्या संडासाच्या बोळात. हितंच येळ काढत्यात."

पुन्हा टुंई. तो माझ्याकडे बघून हसला.

"तुमच्यात पूर्वी गल्लीत वरडत यायला लागायचं न्हवं? आता मशीनच वरडतंय. तेवढा तरास वाचला की, अक्का!"

सगळे हसले. माझ्या शेजारी बसून डबा खाणाऱ्यासुद्धा.

माझी आजी गल्लीत पाय टाकण्याआधी ओरडायची, "येतीया जी!" कुणावर सावली पडू नये म्हणून. छप्पन्न साली बौद्ध झाली आणि तिनं ते ओरडणं टाकलं. मार खाल्ला. परत ओरडली नाही.

आणि मी? रीडर बोळातच बसला, मी कार्ड गळ्यात घातलं. घर माझ्या पगारावर होतं. टुंई वाजू नये म्हणून पाणी प्यायचं सोडलं. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, मी ओठ चाटत शिवायची. लघवीला आग व्हायला लागली. तरी धरून बसायची. वाजलं की सगळी लाईन मान वर करायची.

एकदा धरवेना. उठले. कार्ड काढलं, मशीनवरच्या धाग्याच्या दांडीला अडकवलं आणि निघाले. सुपरवायझर बोळाच्या तोंडाशीच उभा.

"कार्ड घाला, अक्का."

"न्हाय."

"गैरहजेरी लावीन."

"लाव. माझं काम मशीनवर हाय, कार्डबी तिथंच हाय. मी मुतायला चाललीया. ते गावाला वरडून सांगणार न्हाय. हो बाजूला."

तो सरला. मी गेले. डबा वाजला नाही.

अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लागली. दुसऱ्या दिवशीही कार्ड काढूनच गेले, पुन्हा लागली. हसणाऱ्यांतली एकही माझ्या मागे उठली नाही. रीडर तिथून हलला नाही.

नाही हलला तर नाही. आजीनं जे टाकलं, ते मी गळ्यात घालणार नाही.