देवीच्या पेटीची चावी

माझी एकमेव कादंबरी म्हणजे राजकीय थरारकथा. कोकणातल्या एका ग्रामदेवीचा जुना चांदीचा मुखवटा चोरीला जातो. त्यात एक मंत्री आहे, दूतावासातला अधिकारी आहे आणि शेवटी जिनिव्हातला लिलाव आहे. जिनिव्हा मी पाहिलेलं नाही. तिथल्या विमानतळाचं वर्णन मी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर बसून केलं, त्यामुळे तिथेही बाकांखाली कुत्री झोपलेली आहेत. दुबईचा भाग आमच्या वाडीतल्या एका गृहस्थांनी सांगितला. त्यांची तिथली सगळी नोकरी एका गोदामात झाली, म्हणून माझा गुप्तहेरही गोदामाबाहेर फारसा पडत नाही.

गावाचा भाग मात्र अस्सल. तो पुरवला आमच्या देवळाच्या गुरवाने, म्हणजे माझ्या शाळेपासूनच्या मित्राने. शिमग्यात पालखीत लावायची देवीची चांदीची रुपं, म्हणजे मुखवटे, वर्षभर कुठल्या पेटीत असतात, कशात गुंडाळतात, कुलूप कुठे अडतं, सगळं त्याने हौसेने सांगितलं. पेटीची चावी तीन पिढ्या त्यांच्याच घरात. तो ती कमरेच्या करगोट्याला बांधायचा आणि पेटी उघडण्याआधी दोनदा खाकरायचा. देवीला चाहूल लागावी म्हणून. पुस्तक येणार हे गावभर सांगत सुटला तोही तोच.

आता थरारकथेला घरभेदी लागतो. मी गुरवाला केलं. नाव बदललं, गाव बदललं. करगोटा आणि खाकरणं तेवढं राहू दिलं, कारण ते छान उतरलं होतं.

पहिली प्रत त्यालाच दिली. त्याची सून दुपारची त्याला वाचून दाखवायची. चोर खाकरला त्या पानावर ती थांबली. तो म्हणाला, "वाच गो पुढं." हे तिने नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

आमच्याकडे छापलेल्या अक्षराला मान आहे. शिमग्याआधीच्या गावबैठकीत एकाने विचारलं, "लिवलंय म्हंजे कायतरी असंल ना?"

मी उठून सांगितलं, सगळं काल्पनिक आहे.

"जिनिव्हा पन?"

"नाही, जिनिव्हा आहे."

"बगा!"

सोनाराला बोलवायचं ठरलं. साऱ्या गावासमोर त्याने देवीची रुपं कसोटीला लावली. गुरव खांबाला टेकून खाली बघत उभा होता. चांदी खरी निघाली. मग जो तो नारळ फोडायच्या घाईला लागला, गुरवाला कुणी काही म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. त्याने करगोट्याची चावी सोडून मानकऱ्यांपुढे ठेवली. "आता माज्याकडं नको."

ती कुणी उचलेना. शेवटी एक मानकरी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "चोरीचा येवडा अब्यास ज्याचा, त्याच्याकडंच ठेवा." सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पालखी आमच्या अंगणात आली. घरोघरी गाऱ्हाणं घालायचं ते गुरवानेच. त्याने माझ्यासाठी घातलं, एक शब्द न गाळता. "ह्या लेकराकडनं काय वाकडं बोललं ग्येलं असंल, काय चुकलं असंल, तर त्ये पोटात घाल. त्येच्या हाताला येस दे."

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं.

मला भरून आलं. वाटलं, मिटलं. मी आत जाऊन चावी आणली आणि त्याच्यापुढे धरली.

"गाऱ्हानं घालनं माजं काम हाय," तो हळूच म्हणाला. "चावी ऱ्हाऊ दे."

पालखी पुढच्या घरी गेली.

पूर्वी तो हाक न मारता थेट चुलीपर्यंत यायचा आणि चहात साखर कमी म्हणून माझ्या बायकोशी भांडायचा. आता पेटी उघडायची असली की येतो, चपला न काढता अंगणातच थांबतो आणि दोनदा खाकरतो. मी चावी घेऊन बाहेर जातो.