मुसफ्फातला कडप्प्याचा नकाशा

कडप्पा म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवायची काळी फरशी, एवढाच माझा त्या नावाशी संबंध होता. तो एक अख्खा जिल्हा आहे आणि तिथली बरीच माणसं अबुधाबीजवळच्या आमच्या मुसफ्फातच राहतात, हे मला मंदी आल्यावर कळलं.

मी तिथल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. २००८ची मंदी आमच्या गेटमधून आत यायला जरा उशीर झाला, पण आली तेव्हा एकेक प्रोजेक्ट बंद पाडत आली. आम्ही ड्रॉइंग रूममध्ये नुसते एसीची हवा खात बसायचो. रिकामं बसलं की मला दुसऱ्यांना शहाणपण शिकवायची खुमखुमी येते. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर कडप्प्याचा होता. तिकडच्या सरकारी निवासी शाळेत त्याच्या मुलीचा नंबर लागला होता. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. अडलं होतं ते फक्त रहिवासी दाखल्यापाशी आणि त्यासाठी वडिलांच्या सहीचा अर्ज हवा होता. तो बिचकत माझ्याकडे आला. मी म्हटलं, एवढंच ना, आण इकडे.

गाव, तालुका, जिल्हा असा झोकदार अर्ज मी टाइप केला. तालुक्याचं मोठं गाव इंटरनेटवर शोधून तिथल्या तहसीलदारांच्या नावाने पाकीट बनवलं आणि कुरियरने ड्रायव्हरच्या घरी धाडलं. त्याची बायको दोन बस बदलून ते घेऊन गेली आणि खिडकीवरूनच परत आली. तुमचं गाव आमच्याकडे येत नाही, असं तिला सांगण्यात आलं.

"साब, हमारे यहाँ तालुका कब का खलास हो गया," ड्रायव्हर खाली बघत म्हणाला. "अब मंडल है. छोटा छोटा."

म्हणजे जुन्या तालुक्याचे तुकडे होऊन प्रत्येकाला स्वतंत्र तहसीलदार मिळाला होता आणि ह्यांचा तहसीलदार गावापासून चालत जाण्याइतका जवळ बसत होता. मग लिहिताना तोंड का नाही उघडलंस, म्हणून मी त्याच्यावरच डाफरलो. आपने टाइप किया था, साब, असं तो म्हणाला. बायकोलाही सगळं ठाऊक होतं, पण साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून ती बापडी गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळेत दाखला द्यायला नऊ दिवस उरले होते आणि कुरियरने मागच्या वेळी दहा घेतले होते. नवा अर्ज मी टाइप केला तो त्याने शब्द न् शब्द सांगितला तसा. आता तो हातोहात कोण नेणार? मंदीमुळे लेबर कॅम्पमधून रोज कोणी ना कोणी कायमचा परत चालला होता. त्यांच्यातल्या कोणाचं गाव ड्रायव्हरच्या मंडलाजवळ, हे नुसत्या नावांवरून मला उमगेना. म्हणून मी प्लॉटरवर जिल्ह्याची सीमारेषा आणि आत एक नदी एवढंच काढलं आणि शुक्रवारी तो भलामोठा कागद कॅम्पच्या मेसमधल्या टेबलावर अंथरला.

मग जे काही झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मी काढलेली चेय्येरू नदी एका वेल्डरला फारच सरळ वाटली. माझ्या हातातलं मार्कर घेऊन त्याने तिला तीन वळणं दिली. पालकोंडाचे डोंगर आले, त्यातलं रक्तचंदन आलं, पाणी आहे तिथे केळी आणि पपई, नाही तिथे भुईमूग. एका सुताराने आपल्या गावचं तळं जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा मोठं काढलं आणि ते कमी करायला साफ नकार दिला. मंडलांच्या हद्दींवरून तर भात गार होईपर्यंत वाद चालले. माझ्या पुणे जिल्ह्याचे सगळे तालुके मला आजही सांगता येत नाहीत, पण त्या दिवशी कडप्प्याची मंडलं मला पाठ झाली.

त्यात एक फिटर सापडला. त्याचं गाव त्याच मंडलातलं, नदीच्या पलीकडचं. नऊ वर्षांनंतर त्याचा व्हिसा रद्द झाला होता आणि रविवारी चेन्नईचं विमान होतं. नोकरी गेलेल्या माणसाला काम सांगायची मला लाज वाटली. त्याने पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. बॅगांसकट तो बसमधून थेट मंडल कचेरीत उतरला होता. गावच्या तलाठ्याला गाठून त्याची सही आणली, तहसीलदारांचा शिक्का घेतला आणि दाखला ड्रायव्हरच्या बायकोच्या हातात दिला.

"हो गया," तो म्हणाला. "अब मैं घर जाता हूँ."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हर मात्र नुसता हसत होता.

मुलगी शाळेत गेली. नकाशा ड्रायव्हरने हट्टाने तिच्यासाठी पाठवून दिला आणि पुढच्या सुट्टीहून परतताना तो वर्गाच्या भिंतीवर लावल्याचा फोटो घेऊन आला. तिने लाल पेनाने आपली शाळा दाखवली होती आणि सुताराचं तळंही गपचूप लहान केलं होतं. डाव्या कोपऱ्यात, जिल्ह्याच्या सीमेबाहेरच्या कोऱ्या जागेत, एक छोटी बस काढून तिच्याभोवती मंडलांना असते तशीच तुटक हद्द आखली होती. आत तेलुगूत काहीतरी लिहिलं होतं. मी विचारलं, हे काय?

"लिखा है, नान्ना का मंडल," तो म्हणाला. नान्ना म्हणजे बाबा.