आईच्या वाटचं पाणी

त्या सकाळी जप तोंडात होता आणि भरवसा कुठंच नव्हता. नाशिकला आईच्या पोटातली गाठ काढायची होती, ऑपरेशन चार वाजता. इथं अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, तेव्हा सकाळचे साडेसहा. माझे व्हिसाचे कागद अडकलेले, गेले तर परत येता येईल याची खात्री नव्हती, म्हणून राहिले. ते मनाला इतकं कुरतडत होतं की घरात बसवेना. आई सुखरूप बाहेर आल्याचं कळेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असा नेम केला आणि जुन्या रेल्वेलाइनच्या ट्रेलवर गेले.

हा ट्रेल माझा लाडका. रूळ केव्हाच उखडले, आता तिथं बारीक खडीची वाट आहे, दोन्हीकडे पाइनची झाडं, ओढ्यावर जुना पूल. आगगाडीसाठी केलेला रस्ता, त्यामुळे चढ जाणवतच नाही. माणूस चालत सुटतो. एरवी मी पुलावर थांबून कासवं बघते. त्या दिवशी पूल कधी मागे पडला कळलंही नाही. तोंडानं ‘श्रीगुरुदेव दत्त’ आणि मनात नाशिकहून येणारा दादाचा फोन. दीडेक तासानं खिसा चाचपला, तर फोन नाही! सारखा बघायला नको म्हणून मीच तो गाडीत ठेवला होता. बातमी येईपर्यंत पाणी नाही, आणि बातमी आणणारा फोन चार मैल मागे. काय ही माझी अक्कल! ऊन चढलं होतं, डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकावर बसले आणि रडू फुटलं.

तीनचाकी सायकलवरून एक अमेरिकन आजीबाई आल्या, थांबल्या. बाटली पुढे करून म्हणाल्या, “हनी, ड्रिंक धिस.” मी नको म्हणून मान हलवली आणि हुंदके देत सगळं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, स्वतःचा फोन काढला. त्यांचा मुलगा परदेशात असतो, त्यामुळे त्यावरून कुठंही कॉल लागायचा. पण लावू कुणाला? नवऱ्याचा नाही, दादाचा नाही, एकही नंबर पाठ नव्हता. पाठ होता फक्त आईचा. कधीकाळी मीच तिला सिमकार्ड घेऊन दिलं होतं आणि तिच्याकडून तो घोकून घेतला होता. लावला.

दादानं उचलला. “अगं, आहेस कुठं? तुझा फोन कोणी उचलत नाहीये! आई बाहेर आली, गाठ नीट निघाली. शुद्धीवर आलीय, सारखं पाणी मागतेय. डॉक्टर अजून नको म्हणतात.”

आजीबाईंनी झाकण काढून बाटली हातात दिली. आईच्या वाटचं म्हणून मी ते पाणी प्यायले.

भार तुझ्यावर, असं दत्तमहाराजांना रोज म्हणायचे, पण तो कधी खाली ठेवलाच नव्हता. त्या दिवशी माझ्या हातात काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी तो अलगद काढून घेतला. आजीबाईंचं नाव विचारायचं राहिलं. आता पुलावर थांबते, कासवं बघते. त्या बाकाशी आले की दोन घोट पाणी पिते आणि हात आपोआप जोडले जातात.