नकाशात निलंगा

जगाच्या इतिहासात निलंग्यावर जो अन्याय झाला, तो मनाला लावून घेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. हा अन्याय कुठल्या बादशहाने किंवा निजामाने केलेला नाही. तो युरोपातल्या एका कंपनीने, कॉम्प्युटरवरच्या एका खेळात केला. निलंग्यातल्या बाकीच्या लोकांना तो झाल्याचा पत्ताही नव्हता. काकांनी तो दारोदार जाऊन कळवला.

काकांचं बसस्टँडच्या मागे कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. बिलं करायला म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर बिलं सोडून बाकी सगळं सुरू झालं. हा खेळ म्हणजे बंदुका घेऊन पळापळ करण्याचा नव्हे. त्यात सगळ्या जगाचा नकाशा असतो आणि साल पंधराव्या शतकातलं असतं. एखादं राज्य आपलं म्हणून घ्यायचं आणि पुढची शेकडो वर्षं सारा वसूल करायचा, तह करायचे, शेजाऱ्याचा मुलूख गिळायचा. एक डाव संपायला महिना लागतो. काकांना घाई नसते, गिऱ्हाइकाला असते. एकदा कासारशिरसीचा एक शेतकरी युरियासाठी ताटकळत होता. काका मान न वळवता म्हणाले, "थांब जरा, पोर्तुगालचा वकील आलाय." त्या भल्या माणसाने आधी दाराकडे पाहिलं आणि मग वकिलाला बसायला जागा व्हावी म्हणून स्टुलावरून उठून उभा राहिला.

आता अन्यायाबद्दल. त्या नकाशात जर्मनीसारख्या देशाचे इतके तुकडे आहेत की माउस ठेवायला जागा मिळत नाही. प्रत्येक तुकड्याला नाव, झेंडा, राजा, शिपायाची वेगळी टोपी. आपल्याकडे मात्र गोदावरीपासून भीमेपर्यंत एकच मोठा तुकडा होता. त्यात नांदेड नाही, कंधार नाही, उदगीर नाही आणि निलंगा तर नाहीच. शिपाई उत्तरेकडचेच, तेच भाले, तेच मुंडासं. "बाजेवर चादर टाकल्यावानी एकच रंग फासून ठेवलाय," काका म्हणायचे. पण याहून मोठं दुःख पिकाचं होतं. खेळात प्रत्येक मुलुखाचं एक मुख्य पीक असतं आणि आमच्या तुकड्यावर भाताचं चित्र होतं. सगळी हयात ज्वारी, तूर आणि करडईचं बी विकलेल्या माणसाला हे दाखवायला नको होतं. "निलंग्यात भात? अगं माय, इथं प्यायच्या पाण्याला टँकर बोलवावं लागतं, आन हे भात लावायलेत." दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते चित्र दाखवलं जाई. गिऱ्हाइकंही मन लावून विचार करत आणि सोयाबीन टाका म्हणून सुचवत. पंधराव्या शतकात इकडे सोयाबीन नव्हतं, हे त्यांना पटवता पटवता काकांनी दोन-तीन कायमची गिऱ्हाइकं गमावली.

या लढ्यात त्यांचे एकुलते एक सरदार म्हणजे समोरच्या दुकानातले घड्याळवाले चाचा. चाचांच्या घराण्याच्या किती पिढ्या निलंग्यात घड्याळं दुरुस्त करत आल्या, हे त्यांनाही सांगता येत नाही. खेळातलं त्यांना काही कळत नाही, पण अन्यायातलं कळतं. "गेम है तो क्या हुआ भाईसाब," ते म्हणायचे, "थोडा तो इन्साफ होना." एवढं बोलून ते काकांचा चहा पिऊन जात.

मग त्या कंपनीने जाहीर केलं की पुढच्या सुधारणेत आपल्या भागातल्या मुलुखांमध्ये ऐतिहासिक विविधता आणायची आहे, खेळाडूंनी सूचना कराव्यात. सूचना इंग्रजीत करायच्या होत्या. मी इंग्रजी शाळेत शिकले, याचा आमच्या घराण्याला झालेला हा पहिला उपयोग. एम.एस्सी. संपवून मी नांदेडला घरी बसले होते. मी कुणाशी बोलत नाही ही आईची कायमची तक्रार, म्हणून तिने मला माणसांत मिसळायला निलंग्याला पाठवलं. तिथे मी ज्या माणसांत मिसळले, ती फिनलंड, पोलंड आणि ब्राझीलमध्ये राहत होती.

खेळाच्या संकेतस्थळावर चर्चा चालायची. काका सांगत आणि मी लिही. ते म्हणत, "त्याला इचार, तुझ्या बापानं तरी बघितला का रे आमच्याकडं भात?" मी लिही, की आमच्या माहितीनुसार या प्रदेशात कोरडवाहू धान्यं अधिक घेतली जात, कृपया विचार व्हावा. ते विचारत, "लिव्हलंस का सगळं?" मी मान हलवी. कुणी पुरावा मागितला की काका म्हणत, "चाचाचं नाव लिव्ह." मी लिही, स्थानिक मौखिक परंपरा. फिनलंडचा एक गृहस्थ मात्र हटून बसला होता. त्याचं म्हणणं, नकाशात मराठी संस्कृती आहेच, मग मराठवाडा वेगळा दाखवायची गरज काय? काकांनी तो पुण्याचा आहे असं ठरवून टाकलं. फिनलंडमध्ये हिमवर्षाव चालू असल्याचे त्याने टाकलेले फोटो मी त्यांना दाखवले. "तिकडं नोकरीला असंल," काका म्हणाले.

त्याने एक प्रश्न मात्र बिनतोड विचारला. तुमचा हा मुलूख वेगळा असेल, तर तो सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे? भाषेवरून ठरवावं, तर देगलूरच्या बाजाराला तेलुगू कळतं आणि निलंग्याच्या बाजाराला कानडी. राज्यांच्या सीमा तर परवाच्या. काका दोन दिवस बिलं करत बसले, यावरून त्यांची मनःस्थिती कळावी. मग जेवता जेवता त्यांना उत्तर सापडलं. माणूस व्यापाराला कुठेही जातो, देवाला कुठेही जातो, पण लेक तिथेच देतो जिथली माणसं त्याला आपली वाटतात. म्हणून सोयरीक जिथवर जाते, तिथवर मुलूख. "हे त्या पुणेकराच्या सात पिढ्यांना सुचायचं न्हाई," ते म्हणाले. मला ते खरोखर हुशारीचं वाटलं. हे विचारत फिरायचं म्हणजे नेमकं काय होईल, याचा विचार आम्हा दोघांपैकी एकानेही केला नाही.

आम्ही फिरलो. कधी त्यांच्या मोटारसायकलवर, लांबचं असेल तर एसटीने. उदगीर, देगलूर, भोकर, हद्दीपलीकडे भालकी. बियाण्यांच्या धंद्यामुळे काकांची गावोगाव ओळख. ओळखीच्या दुकानात शिरायचं, पाणी प्यायचं, पावसापाण्याचं बोलायचं आणि मग थेट विचारायचं, "तुम्ही लेक कुठवर देता? आन सून कुठून आणता?" मागे मी, लॅपटॉपची बॅग छातीशी धरून, खाली मान घालून उभी. माझी मान अशीच असते. पण हे ठाऊक नसलेल्या माणसाला ती फार सूचक दिसली असणार.

भालकीला तर आम्हाला घरातच नेलं. चुरमुऱ्यांची सुशीला आली, चहा आला. घरच्या बाईंनी मला मुद्दाम उजेडाकडे तोंड करून बसवलं. मला वाटलं, लिहायला सोपं जावं म्हणून.

"आम्ही चांगलं घर बघून लातूरपर्यंत देतो," यजमान म्हणाले.

"आन आणता कुठून?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. "नांदेडची चालंल की."

"नांदेड," काका मला म्हणाले, "लिव्ह."

मी लिहिलं. बाईंनी माझी उंची विचारली, तीही सांगितली. तोंड उघडून खुलासा करण्यापेक्षा उंची सांगणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

तीन दिवसांनी आईचा फोन आला. "भालकीच्या एका बाई बोलल्या. मुलगा इंजिनियर आहे. तू त्यांच्याकडे जाऊन बसून आलीस म्हणे?"

"आई, मी नकाशासाठी गेले होते."

"कसल्या नकाशासाठी?"

"काकांच्या गेमच्या."

आईने नकाशाचा विषय तिथेच सोडला. मग म्हणाली, "मुलाची उंची चांगली आहे म्हणाल्या."

त्यानंतर देगलूरचा फोन आला, मग भोकरहून दोन, मग उदगीरहून एका मुलाची माहिती फोटोसकट. शेवटी मावशीला पत्ता लागला. ती जेवणाचं ताट वाढायचं थांबवून काकांसमोर उभी राहिली. "पोरीला संगं घेऊन गावोगाव हे इचारायलाव? लोक काय समजतील?"

"समजू दे. त्यामुळं खरं सांगायलेत. सोयरिकीत माणूस खोटं बोलत न्हाई."

"सोयरिकीतच बोलतो. तुमच्या घरच्यांनी आम्हाला मुलगा शांत हाय म्हणून सांगितलं हुतं."

"शांतच हाय की मी. दिस दिस खुर्चीवरून हलत न्हाई."

काकांना लाज वाटली असेल असं वाटत असेल तर तुम्ही त्यांना अजून ओळखलं नाही. त्यांना पुरावा मिळाला होता. दुकानातल्या भिंतीवर बियाण्यांच्या कंपनीने दिलेला नकाशा होता. जिथून जिथून माझ्यासाठी स्थळ आलं, त्या गावावर त्यांनी मावशीच्या पाकिटातली लाल टिकली लावली. माझ्या लग्नाच्या शक्यता इतक्या शास्त्रशुद्धपणे दुसऱ्या कुणी मांडल्या नसत्या. टिकल्या कर्नाटकात गेल्या, तेलंगणात गेल्या, हद्दीची पर्वा न करता गेल्या. पश्चिमेला मात्र बार्शीपाशी येऊन थांबल्या. "पुण्याला आपली पोरगी जाती ती नोकरीला," काका म्हणाले. चाचांनी चष्मा वर करून ते सगळं पाहिलं. "हमारा भी येइच है. बेटी हुमनाबाद जाती, बहू उदगीर से आती. उसके पार पूछताच कौन है." काकांनी चाचांच्याही टिकल्या लावल्या. त्या आमच्या टिकल्यांच्या आतच बसल्या.

हे सगळं संकेतस्थळावर टाकण्यासाठी लिहायला घेतलं तेव्हा मी काकांना विचारलं, की एवढं सगळं कशासाठी? नाव आलं नाही तर काय बिघडेल? ते खताच्या गोणीवर बसले होते. गोणीची शिवण चाचपू लागले. मग म्हणाले, "शाळंत इतिहासाचं पुस्तक मिळालं की आधी आपलं गाव हुडकायचो मी. दर वर्षी. कधी आलंच न्हाई, माय. सगळं तिकडचंच." मग एकदम गिऱ्हाइकाला हाक मारून ते तुरीचं बी दाखवायला गेले.

त्या दिवशी दुपारी मी जे लिहिलं, त्यात पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मऊ केलं नाही. टिकल्यांच्या नकाशाचा फोटो जोडला. टिकल्या कशाच्या आहेत तेही लिहिलं, फक्त वधू कोण ते लिहिलं नाही. फिनलंडच्या गृहस्थाने उत्तर दिलं, की सीमा ठरवायची इतकी समजूतदार पद्धत त्याने पाहिली नव्हती. काका म्हणाले, "पुणेकर सुधारतो, वेळ लागतो." कंपनीच्या एका माणसाने खाली फक्त पसंतीचा अंगठा टाकला. मग महिनोन्‌महिने काही नाही. मी नांदेडला परतले. काका रोज दुकान उघडून उदबत्ती लावत आणि देवाच्या आधी खेळाचं पान बघत.

सुधारणा आली ती सोयाबीनच्या हंगामात, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना. काकांनी मला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन थेट पडद्यासमोर धरला. जुना मोठा तुकडा गेला होता. नांदेड होतं, कंधार होतं, उदगीर होतं, आणि मांजरा नदीच्या बाजूला, बारक्या अक्षरांत, निलंगा. भाताऐवजी धान्याचं कणीस होतं. ज्वारी म्हणून वेगळं चित्र त्या खेळात नाही, पण काकांनी ते ज्वारीचंच मानलं. सगळ्या तुकड्यांवर एकच संस्कृती पसरली होती, भालकीच्या पलीकडे जाऊन संपणारी. मागून चाचांचा आवाज आला, "देखो, देखो." रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "दादा, तेवढं खत द्या की." काका त्यालाही निलंगा दाखवत होते.

मला वाटलं, आता ते वर्षभर जेवायलाही उठणार नाहीत. दिवाळीनंतर मी निलंग्याला गेले, तेव्हा पडद्यावर खेळ उघडा होता, पण कोपऱ्यात वेळ थांबवल्याची खूण दिसत होती. संध्याकाळपर्यंत ती तशीच होती. मी विचारलं, "काका, खेळत नाही का?"

"खेळतो की. हे काय, उघडं हाय."

"वेळ थांबवलीये तुम्ही."

त्यांनी उगाच काउंटर पुसला. "पयलं बरं हुतं. सगळा एकच तुकडा, नाव ना गाव. सैन्य घेऊन जायाचं, जाळायचं, लुटायचं, काय वाटत नव्हतं. आता कुठं घालू सैन्य? कंधारला तुझ्या मामीचं माहेर. उदगीरला चाचाच्या सुनंचं. भालकीच्या लोकांनी तर तुला सुशीला खाऊ घातली." मग हळू आवाजात म्हणाले, "वेळ पुढं सोडली की दोन वर्षांत लढाई लागती. कुणीबी चालून येतं. म्या लई डाव बघितलेत. राहू दे तसंच."

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. पडद्यावर मुलूख शांत होता. कणसं उभी होती, किल्ल्यांवर झेंडे अर्धे फडकून थांबले होते. नांदेडहून निघालेला व्यापाऱ्यांचा एक छोटा तांडा, बैलांसकट, देगलूरच्या अलीकडे रस्त्यात उभा होता. तो कधी पोचणार, हे मी विचारलं नाही.