दोनशे एकोणीस टक्क्यांचे बेट

आरोग्य खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, देशभरचे आजार दररोज दुपारी चार वाजता एकत्र येत. त्यांना तेथे बोलावून आणणाऱ्या कारकून बाईंना सारे खाते एकूणताई म्हणे. एकतीस वर्षे एकेचाळीस केंद्रांना फोन करायचा, प्रत्येकाचा आकडा वहीत उतरवायचा आणि तळाशी रेघ मारून “एकूण” असे खणखणीत उच्चारून बेरीज सांगायची, ही त्यांची रीत. त्यामुळे मूळ नाव केवळ पगारपत्रकापुरते उरले होते. मुलीच्या पाठवणीच्या वेळी डोळे पुसता पुसता त्यांनी भाड्याच्या खुर्च्या मोजल्या, अशी त्यांच्या यजमानांची जुनी तक्रार होती. एक खुर्ची कमी भरली होती, हे त्यांचे त्यावरचे उत्तर.

महासाथ आली आणि जिन्यालगतच्या या खोलीला अकस्मात राष्ट्रीय महत्त्व प्राप्त झाले. आधी रुग्णांचे आणि पुढे लसीचे आकडे संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर वाचले जाऊ लागले. यामुळे घरात एकूणताईंचे वजन वाढेल, अशी कोणाचीही समजूत झाली असती. सासूबाईंची झाली नाही.

“आज किती गं?” त्या संध्याकाळी विचारत.

“एक लाख बारा हजार तीनशे चार.”

“थांब जरा. टीव्हीवरची बाई काय म्हणते ते बघू.”

“आई, तिला मीच पाठवते आकडा.”

“पाठवत असशील. पण ती केस विंचरून सांगते.”

कोणत्याही मोजणीच्या खोलीला असतो तसा या खोलीलाही एक अलिखित नियम होता. एखाद्या केंद्राला फोन लागला नाही, तर त्याच्या रकान्यात कालचाच आकडा पेन्सिलीने लिहायचा. बेरजेत तो धरायचा नाही. दुसऱ्या दिवशी खरा आकडा कळला की पेन्सिल खोडून शाई चढवायची. रकाना रिकामा दिसला की वरिष्ठ अस्वस्थ होत, आणि खोटा आकडा शाईने लिहिला की एकूणताई अस्वस्थ होत. पेन्सिल हा उभयपक्षी मान्य असा तह होता. मात्र महासाथीत वहीच्या जोडीला संगणक आला. शेजारच्या टेबलावर बसलेला संगणकवाला वहीतले आकडे यंत्रात भरू लागला आणि बेरजेचे काम यंत्राकडे गेले. पेन्सिल आणि शाई यांतला भेद यंत्राला कोणी सांगितला नव्हता. संगणकवाल्यालाही सांगितला नव्हता. एकतीस वर्षे जी गोष्ट खोलीतल्या सर्वांना ठाऊक होती, ती नव्याने सांगण्याची गोष्ट आहे हेच कोणाच्या ध्यानात आले नाही.

एकेचाळिसांपैकी एक केंद्र समुद्रात होते. तीन हजार शंभर वस्तीचे बेट, आठवड्यातून एक बोट आणि सारा कारभार पाहणाऱ्या एक सिस्टर. सिस्टर आणि एकूणताई यांनी एकमेकींना कधी पाहिले नव्हते. पण अकरा वर्षांच्या फोनवर त्यांनी गुडघेदुखीपासून विणकामापर्यंत सर्व विषय हाताळले होते. सिस्टरांनी फोनवरून सांगितलेल्या टाक्यांनुसार एकूणताईंनी यजमानांसाठी एक स्वेटर विणला. त्याची एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब झाली. यजमान तो एक खांदा वर करून मुकाट्याने घालत.

लसीकरणाचे मोठे शिबिर झाले त्या दिवशी सिस्टरांनी दोनशे चौदा असा आकडा कळवला. बेटाची एकूण संख्या बाराशे चाळीस झाली. रात्री वादळात बेटाची फोनची तार तुटली. दुसऱ्या दिवशी एकूणताईंनी शिरस्त्याप्रमाणे पेन्सिलीने दोनशे चौदा लिहिले. तिसऱ्या दिवशीही लिहिले. तार लवकर जोडली जाईल असे जोडणारे खाते रोज सांगत होते, आणि यंत्र रोज दोनशे चौदा मिळवत होते.

तार तुटल्यापासून नवव्या दिवशी बेट एकशे दोन टक्क्यांवर गेले. एकूणताई तेव्हा रकान्यांत बुडाल्या होत्या. टक्केवारी आता यंत्रातून थेट खात्याच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर जात असे. साहेबांना अतीव समाधान वाटले. दोन टक्के पाहुणे असतील, असा त्यांनी निर्वाळा दिला. पुढे पाहुण्यांची संख्या रहिवाशांइतकी झाली, तेव्हा त्यांनी निर्वाळा मागे घेऊन अभिमान तेवढा ठेवला. देशाच्या नकाशात फिकट पिवळ्यापासून गडद हिरव्यापर्यंतचे रंग होते, शंभराच्या पलीकडे रंगच नव्हता. संगणकवाल्याने साहेबांच्या सूचनेवरून सोनेरी रंग दिला; टीव्हीवर टक्के नव्हे, नुसता रंगच दिसे. टीव्हीवर एका प्राध्यापकांनी खाऱ्या हवेचा नागरी शिस्तीशी असलेला संबंध उलगडून सांगितला.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या, “शिका जरा त्या बेटाकडून. आपल्या गल्लीत अजून निम्मे लोक पळ काढतायत.”

एकूणताईंना बरे वाटले. आपल्या सिस्टरांचे कौतुक होते आहे, साहेबांच्या टेबलापुरती तार जोडली गेली असावी आणि सिस्टर आता थेट साहेबांनाच कळवत असाव्यात, असे त्यांनी मानले. थोडा रागही आला. अकरा वर्षांची ओळख, आणि बाई परस्पर साहेबांना फोन करते.

सत्ताविसाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, साहेबांच्या टेबलावरून दोन कागद टंकलिखित होण्यासाठी एकूणताईंच्या खोलीत आले. पहिला सन्मानपत्राचा होता. बेटावर दोनशे एकोणीस टक्के लसीकरण केल्याबद्दल सिस्टरांना पदक. दुसरा लेखापरीक्षण शाखेकडून आला होता. बेटावर फक्त अडीच हजार मात्रा पाठवल्या असता सहा हजार आठशे चार जणांना लस कशी टोचली, लसीत पाणी मिसळले काय, आणि या कारणास्तव सेवेतून का कमी करू नये, याचा खुलासा सिस्टरांनी जागेवरच करावा. दोन्ही कागद आणि पदकाची डबी घेऊन तिघांचे अभ्यासपथक गुरुवारच्या बोटीने निघणार होते. कोणता द्यायचा ते तेथे पोहोचल्यावर ठरणार होते.

एकूणताईंनी सहा हजार आठशे चार हा आकडा वाचला आणि वही उघडली. बाराशे चाळीस वजा केले, उरलेल्याला दोनशे चौदाने भागले. बाकी शून्य राहिली. भागाकार सव्वीस आला. वहीत पेन्सिलीच्या ओळी सव्वीस होत्या.

“तुम्ही पेन्सिलीचे आकडे मिळवता?” त्यांनी संगणकवाल्याला विचारले.

“कोणते पेन्सिलीचे? मी सगळेच मिळवतो.”

“का?”

“मला वाटलं, शाई संपली असेल.”

त्या वही घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी ऐकता ऐकता नकाशा पुढे ओढला.

“म्हणजे सोनेरी काढायचं?”

“काढावंच लागेल. नाहीतर सिस्टरांची नोकरी जाईल.”

“अहो ताई, पण एकूण कमी कसं करायचं? एकूण कधी कमी होत नाही. एकूणचा तो स्वभावच नाही. असं करू, बेटाचा आकडा इथेच थांबवू. लोकसंख्या हळूहळू येईल जुळून.”

“किती वर्षांत?”

“तुम्ही काढा ना हिशेब, तुमचाच विषय आहे.”

“साहेब, चूक माझ्या वहीतली आहे. लिहून देते.”

“पथकाकडे कागद दोनच आहेत, पदक किंवा नोटीस. तिसरा नमुना छापायला आठवडा लागतो. सिस्टरांना काय सांगायचंय ते सांगतील त्या.”

“त्यांना काही माहीतच नाही, तर काय सांगतील?”

एकूणताईंनी एकतीस वर्षांत पहिल्यांदाच नैमित्तिक रजेचा अर्ज भरला, आणि गुरुवारी सकाळी त्या वही पिशवीत घालून बोटीवर चढल्या. पथकप्रमुख हे गंभीर गृहस्थ तीन तास उलटी होऊ नये म्हणून डोळे मिटून बसले होते. खुलासा त्यांनी त्याच अवस्थेत ऐकला आणि केंद्राची नोंद पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असे ओठ न उघडता सांगितले.

बेटावरचे केंद्र म्हणजे एक लांबट खोली, एक शीतपेटी आणि एक बाक. सिस्टर दारातच उभ्या होत्या. त्यांनी पथकाकडे पाहिले नाही, पिशवीतून डोकावणाऱ्या वहीकडे पाहिले.

“एकूणताई? फोनवर तुम्ही चांगल्या उंच वाटायच्या.”

“तुम्ही परस्पर साहेबांना फोन करत नव्हता ना?”

“कुठला फोन? तार समुद्रात आहे. दर बोटीने पत्र पाठवत होते की.”

पत्रे पोहोचली होती. आकडे फक्त फोनवर स्वीकारले जातात, असा शेरा मारून टपाल शाखेने ती नीट फाईलला लावली होती.

पथकप्रमुखांनी नोटीस वाचून दाखवली. सिस्टरांनी ती ओढून घेऊन आकड्यावर बोट ठेवले.

“सहा हजार आठशे? माणसं तीन हजार आहेत. बाकीच्या काय मी बकऱ्यांना टोचल्या? इथं एका माणसाला एकदा टोचायला मी तीनदा डोंगर चढते. म्हातारे झाडावर चढून बसतात.”

त्यांनी नोंदवही समोर टाकली. बुधवारपर्यंत दोन हजार तीनशे एक्क्याण्णव माणसे, नावासह आणि अंगठ्यासह. नऊ मात्रा फुटल्या, त्यांच्या काचा डब्यात जपलेल्या. शंभर मात्रा पेटीत शिल्लक. पथकातल्या दोघांनी त्या मोजल्या, एकूणताईंनी पुन्हा मोजल्या. सत्त्याहत्तर टक्के. देशात सातवा क्रमांक.

पथकप्रमुख अडचणीत सापडले. सातव्या क्रमांकाला पदक नव्हते, आणि पाणी मिसळल्याचा पुरावा नसल्याने नोटीसही लागू पडेना. कागद तर कोणाला तरी दिल्याशिवाय परतता येत नव्हते.

“ती नोटीस मला द्या,” एकूणताई म्हणाल्या. “नाव खोडा, माझं लिहा.”

त्यांनी लिहिले. एकूणताईंनी बाकावर बसून लगेच खुलासा भरला: चूक माझी, खरा आकडा २,३९१.

“एवढाच?” पथकप्रमुख म्हणाले. “किमान अर्धं पान तरी हवं.”

“अर्धं पान लिहिण्याएवढी मोठी चूक नाही. रोज तीच केली, एवढंच.”

दुसरा कागद मग पदकासह सिस्टरांकडेच आला. सिस्टरांनी पदक हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि परत केले.

“याच्याऐवजी तार जोडून मिळेल का?”

“पदक मंजूर आहे,” पथकप्रमुख खेदाने म्हणाले. “तार मंजूर नाही.”

परतीच्या बोटीला अवकाश होता. दुपारभर सिस्टरांनी आलेल्यांना लस टोचली. बाकावर एका टोकाला एकूणताई वही उघडून बसल्या, दुसऱ्या टोकाला सिस्टर. चार वाजले.

“बोला सिस्टर, आजचा आकडा,” एकूणताई मोठ्याने म्हणाल्या.

“अठरा,” सिस्टर त्याहून मोठ्याने ओरडल्या. “एक-आठ, अठरा. येतंय का ऐकू?”

“येतंय. दोन हजार चारशे नऊ.” एकूणताईंनी शाईने लिहिले. “आणि ते बाहीचे टाके पुन्हा सांगा. एक बाही लांब झालीय.”

पथकप्रमुख कानांवर हात ठेवून धक्क्याकडे चालू लागले.